टास्कबारचा इतिहास: उघड्या खिडक्यांची नोंदवही कुणी ठेवायची?

१/ या मालिकेत आपण किल्ले, तह आणि ताम्रपट वाचले. आज वाचायची आहे संगणकाच्या पडद्याच्या तळाशी असलेली एक चिंचोळी पट्टी, म्हणजेच टास्कबार. आपण ती दिवसातून शेकडो वेळा पाहतो, पण तिलाही इतिहास आहे असे सहसा मनात येत नाही. त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी एक वाद आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी या विषयाकडे मी कसा वळलो ते सांगतो. प्रबंधासाठी मी अठराव्या शतकातील जमाखर्चाचे मोडी कागद वाचत होतो. पडद्यावर वीस-बावीस खिडक्या उघड्या असत: कागदांच्या प्रतिमा, कोश, शकावली, टिपणे आणि तक्ता. एका रात्री ‘सीत सबैन’ या शुहूर सनाचा (इ.स. १७७५-७६) कागद समोर आहे असे समजून मी आकडे उतरवून घेतले. प्रत्यक्षात समोर होता ‘सबा सबैन’चा, म्हणजे पुढच्या वर्षाचा.

३/ दोन्ही प्रतिमा एकाच आयकॉनखाली गटाने बसल्या होत्या आणि दोन्ही फाइलींची नावे ‘मोडी_जमाखर्च_’ अशीच सुरू होत होती. चूक माझीच होती. मार्गदर्शकांनी बेरीज तपासली तेव्हा ती उघडकीस आली. तोवर तीन आठवडे एका वर्षाचा खर्च दुसऱ्या वर्षाच्या नावावर नांदत होता, आणि त्यावर बेतलेला दीड पानांचा निष्कर्षही. त्या दिवसापासून प्रश्न पडला: उघड्या कागदांची यादी ठेवण्याची ही रीत ठरवली कुणी?

४/ आरंभ कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे होतो. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा ६०६ बाय ८०८ पिक्सेलांचा होता, उभ्या कागदासारखा. अ‍ॅलन के आणि डॅन इंगल्स यांच्या गटाने ‘स्मॉलटॉक’ या प्रणालीत एकावर एक रचता येणाऱ्या खिडक्या प्रत्यक्षात आणल्या. पडदा लहान आणि काम मोठे, म्हणून मेजावरच्या कागदांसारखे एकावर एक ठेवायचे, असा तो साधा विचार होता.

५/ या उपायाच्या पोटातच एक अडचण होती. मेजावर कागद एकमेकांखाली गेले तरी त्यांचे कोपरे दिसतात आणि गठ्ठ्याची उंची जाणवते. पडद्यावर मात्र एक खिडकी दुसरीला पूर्ण झाकते, आणि झाकलेली खिडकी अस्तित्वात आहे याची कोणतीही खूण उरत नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा तर जेमतेम ५१२ बाय ३४२ पिक्सेलांचा होता. एवढ्या जागेत तीन कागदही सुखाने नांदत नसत.

६/ मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज १.०’ २० नोव्हेंबर १९८५ रोजी बाजारात आली. तिच्यात खिडक्या एकमेकींवर चढत नसत; फरशीच्या तुकड्यांप्रमाणे शेजारी-शेजारी बसत. पडद्याच्या तळाशी एक आडवी जागा राखून ठेवलेली असे आणि मिटलेल्या प्रोग्रॅमचे आयकॉन तेथे जाऊन बसत. शेजारी-शेजारी बसणाऱ्या खिडक्या ती जागा व्यापत नसत. टास्कबारची बीजकल्पना येथे दिसते, टास्कबार येण्यापूर्वी दहा वर्षे.

७/ १९८७ च्या ‘विंडोज २.०’ मध्ये खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या. मोकळीक वाढली, परंतु तळाची राखीव जागा गेली. ‘३.०’ (१९९०) आणि ‘३.१’ (१९९२) या आवृत्त्यांत मिटलेली खिडकी आयकॉन होऊन पडद्याच्या तळाशी जाई आणि एखादी मोठी खिडकी तिला सहज झाकून टाकी. चालू कामांची यादी होती, पण ती पाहण्यासाठी कंट्रोल आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्या लागत किंवा रिकाम्या जागेवर दोनदा क्लिक करावे लागे. हे ज्याला ठाऊक नसे त्याच्या दृष्टीने झाकलेले काम हरवलेलेच असे.

८/ दरम्यान झेरॉक्स पार्कमध्येच ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी या अडचणीचा शास्त्रीय विचार केला. १९८६ मध्ये त्यांनी ‘रूम्स’ ही प्रणाली मांडली. त्यांचे निरीक्षण असे की, माणूस खिडक्या सुट्या-सुट्या वापरत नाही, कामाच्या गटागटाने वापरतो. पत्र लिहिताना तीन विशिष्ट खिडक्या लागतात, हिशेब करताना वेगळ्या चार. मग प्रत्येक कामाला स्वतंत्र दालन द्यावे आणि एका दालनातून दुसऱ्यात जावे. आज ज्यांना आपण व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतो त्यांचे वैचारिक मूळ येथे आहे.

९/ याच काळात पडद्याच्या कडेला कायमची पट्टी ठेवण्याचे प्रयोगही झाले. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने १९८७ मध्ये ‘आर्किमिडीज’ संगणकावर तळाशी आयकॉनपट्टी दिली. स्टीव्ह जॉब्स यांच्या ‘नेक्स्ट’ कंपनीने ‘नेक्स्टस्टेप’मध्ये पडद्याच्या कडेला ‘डॉक’ उभा केला. या दोन्ही पट्ट्या मुख्यतः *प्रोग्रॅमची* यादी दाखवत. प्रत्येक *खिडकीची* नोंद ठेवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. हा भेद लक्षात ठेवावा. पुढचा सारा इतिहास त्यावरच उभा आहे.

१०/ ऑक्टोबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढील आवृत्तीच्या रूपरचनेसाठी सुमारे बारा जणांचा गट नेमला. त्यातील केंट सुलिव्हन यांनी १९९६ मध्ये या कामाची हकीकत शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केली. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हे साधन मोलाचे आहे. प्रयोगशाळेतील चाचण्यांचे ६४ टप्पे झाले आणि त्यांत ५६० माणसांनी भाग घेतला, अशी नोंद त्यात आहे.

११/ चाचण्यांतून जे दिसले ते आज वाचतानाही विचार करायला लावते. खिडकी झाकली गेली की नवख्या माणसाला ती बंद झाली असेच वाटे. मग तो तोच प्रोग्रॅम पुन्हा उघडी आणि एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती चालू राहत. विंडोज ९५ किमान ४ मेगाबाइट स्मृतीवर चालावी अशी अट होती. अशा यंत्रावर ही गफलत महागात पडे. दोष माणसाच्या बुद्धीचा नव्हता, समोर न दिसणारी गोष्ट लक्षात ठेवायला लावणाऱ्या रचनेचा होता.

१२/ म्हणून तळाची पट्टी परत आणायचे ठरले. विकासाच्या काळात तिला ‘ट्रे’ म्हणत, आणि तिच्या अंतर्गत नावात हा शब्द आजही टिकून आहे. दूरचित्रवाणीवरील वाहिनी बदलण्याइतके एका कामातून दुसऱ्यात जाणे सोपे असावे, हे कंपनीने मांडलेले ध्येय होते. स्टार्ट मेनू आणि टास्कबार यांच्या पेटंटवर डॅनियल ओरन यांचे नाव आहे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ विक्रीस आली आणि प्रत्येक उघड्या खिडकीला तळाशी स्वतःचे बटण मिळाले.

१३/ या टास्कबारचे एक वैशिष्ट्य आज विसरले गेले आहे: तो पहिल्या दिवसापासून वाकवता येत असे. पडद्याच्या चारही कडांपैकी कोणत्याही कडेला नेता येई. वरची कड ओढली की त्याच्या दोन, तीन, हवे तर आणखी ओळी होत; अर्ध्या पडद्यापर्यंत तो वाढवता येई. जागा हवी असल्यास लपवून ठेवता येई. ‘आम्ही एक रीत सुचवतो, तुमचे मेज तुम्ही मांडा’ अशी ही भूमिका होती.

१४/ ही मोकळीक आवश्यक का होती हे साध्या गणिताने कळते. त्या काळी ६४० पिक्सेल रुंदीचे पडदे सर्रास होते. स्टार्टचे बटण आणि घड्याळ वगळता ढोबळमानाने ५०० पिक्सेल उरत. दहा खिडक्या उघडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ५० पिक्सेल येत. त्यातले १६ आयकॉनला आणि थोडे कडांना गेले की नावाची तीन-चार अक्षरे दिसत. वीस खिडक्या झाल्या की अक्षरेही संपत आणि उरत ती निव्वळ चित्रे.

१५/ म्हणून एक छोटा, पण दूरगामी बदल झाला. विंडोज ३.१ मध्ये नोटपॅडच्या मथळ्यात आधी प्रोग्रॅमचे नाव आणि मागाहून कागदाचे नाव येई. विंडोज ९५ मध्ये हा क्रम उलटला: आधी कागद, मग प्रोग्रॅम. बटणावर नाव शेवटाकडून कापले जाते. प्रोग्रॅमचे नाव पुढे असेल तर दहाही बटणांवर तेच तीन अक्षरी तुकडे दिसणार. माझ्या ‘मोडी_जमाखर्च_’ फाइलींच्या बाबतीत झाले ते हेच. १९९५ मध्ये ओळखलेली चूक मी पंचवीसहून अधिक वर्षांनी पुन्हा केली!

१६/ पुढील पाच वर्षांत पट्टीवरची गर्दी दोन्ही बाजूंनी वाढली. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ सोबत टास्कबारवर ‘क्विक लाँच’ची जागा आली, म्हणजे खिडक्यांच्या यादीत आता प्रोग्रॅमच्या खुणाही बसू लागल्या. ऑफिस २००० मध्ये वर्डच्या प्रत्येक दस्तऐवजाला टास्कबारवर स्वतंत्र बटण मिळाले. त्यात प्रत्येक संकेतस्थळासाठी नवी खिडकी उघडण्याची तत्कालीन पद्धत मिसळली. पट्टी तेवढीच राहिली आणि दावेदार मात्र वाढले.

१७/ यावर ऑक्टोबर २००१ च्या विंडोज एक्सपीने दिलेले उत्तर म्हणजे गट. जागा भरली की एकाच प्रोग्रॅमच्या अनेक खिडक्या एका बटणात एकवटत. जागेचा प्रश्न सुटला, पण प्रत्येक खिडकीकडे जाण्यासाठी एकाऐवजी दोन क्लिक लागू लागले, आणि कोणता कागद उघडा आहे हे दिसेनासे झाले. मायक्रोसॉफ्टच्या चाचण्यांनी जो आजार दाखवला होता, त्याचेच एक सौम्य रूप उपचारातून परतले.

१८/ सुदैवाने गट करणे ऐच्छिक होते. सेटिंगमधील एक खूण काढली की ते बंद होई. चोखंदळ मंडळी आणखी खोल जात. किती खिडक्या झाल्यावर गट करावा आणि बटणाची किमान रुंदी किती असावी, हे आकडे रजिस्ट्रीत बदलता येत. बटणे ओढून क्रम लावण्याची सोय तेव्हा मुळात नव्हती. ती देणारी छोटी साधने स्वतंत्र प्रोग्रॅमरांनी लिहून मोफत वाटली. या माणसांची नावे इतिहासात फारशी येत नाहीत. परंतु साधन वापरणाऱ्यानेच साधन दुरुस्त करावे, ही परंपरा त्यांनी जिवंत ठेवली.

१९/ लिनक्सच्या जगात हाच वाद वेगळ्या रूपाने चालला. १९९६ मध्ये मथियास एट्रिख यांनी ‘केडीई’ प्रकल्प घोषित केला. १९९८ च्या पहिल्या आवृत्तीत खिडक्यांची पट्टी वरच्या कडेला होती, प्रोग्रॅमची पट्टी तळाला, आणि जोडीला अनेक डेस्कटॉप. म्हणजे हेंडरसन-कार्ड यांची दालने आणि खिडक्यांची यादी एकत्र नांदत होती. उलट एप्रिल २०११ मध्ये ‘ग्नोम ३’ने खिडक्यांची यादी काढून टाकली. त्यावर इतका असंतोष माजला की जुनी रचना टिकवण्यासाठी ‘माटे’ हा स्वतंत्र प्रकल्पच निघाला.

२०/ अ‍ॅपलने २००१ मध्ये मॅक ओएस टेनमध्ये ‘डॉक’ आणला. वंशवेलीने तो नेक्स्टस्टेपच्या डॉकचा वारस. तोही मूलतः प्रोग्रॅमची यादी. झाकलेल्या खिडक्या शोधण्यासाठी २००३ मध्ये ‘एक्स्पोझे’ आले: एक कळ दाबली की सर्व खिडक्या लहान होऊन शेजारी-शेजारी मांडल्या जात. यादी वाचण्याऐवजी क्षणभर सारे मेजच वरून पाहावे, असा हा तिसरा मार्ग होता.

२१/ २२ ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ ने मोठे वळण घेतले. मूळ मांडणीत बटणांवरची नावे गेली, मोठे आयकॉन आले, एका प्रोग्रॅमच्या साऱ्या खिडक्या सदैव एकत्र बसू लागल्या. क्विक लाँच आणि उघड्या खिडक्या यांतील सीमारेषाही पुसली गेली. विंडोज ९५ ची खिडक्यांची यादी प्रोग्रॅमच्या यादीकडे, म्हणजे डॉकच्या पंथाकडे सरकली.

२२/ या निर्णयाचा उपहास करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. ज्याच्या पडद्यावर पाच-सहा खिडक्या असतात त्याला मोठे, ठळक, जागा न बदलणारे आयकॉन खरोखर सोयीचे ठरतात. शिवाय ब्राउझरमध्ये टॅब रुळले होते आणि संकेतस्थळांची गर्दी टास्कबारवरून तिकडे गेली होती. बटणे ओढून क्रम लावण्याची सोय याच आवृत्तीने दिली. आणि मुख्य म्हणजे ‘कधीही एकत्र करू नका’ हा पर्याय शिल्लक ठेवला.

२३/ ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि टास्कबार नव्याने लिहिला गेला. या नव्या लेखनात दोन जुन्या गोष्टी गळाल्या: पट्टी वर किंवा बाजूला नेणे, आणि खिडक्या वेगवेगळ्या ठेवून त्यांची नावे दाखवणे. १९९५ पासून चालत आलेला हक्क एका आवृत्तीत संपला. वापरणाऱ्यांनी दोन वर्षे सातत्याने मागणी केली. पुन्हा स्वतंत्र प्रोग्रॅमरांनी पर्यायी साधने लिहिली. अखेर २०२३ च्या उत्तरार्धात नावांसह सुटी बटणे परत आली.

२४/ येथे आपल्या भाषेचाही एक धागा जोडला जातो. फाँटवर आधारलेल्या जुन्या पद्धतीत कागदावर मराठी उमटे, परंतु फाइलचे नाव रोमन लिपीतच द्यावे लागे. बटणावर मराठी अक्षर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. विंडोज २००० ने युनिकोडच्या आधारे देवनागरीला स्थान दिले. त्यानंतर टास्कबारच्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसू लागली आणि बटणावर ‘जमाखर्च’ असे आपल्या लिपीत वाचता येऊ लागले. नाव दाखवणारी बटणे काढून टाकली की हे स्थानही जाते, याची नोंद आपण घ्यायला हवी.

२५/ मग या इतिहासातून काय घ्यावे? अनेक खिडक्यांनिशी काम करणाऱ्यांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.
• टास्कबारच्या सेटिंगमध्ये बटणे एकत्र करण्याचा पर्याय ‘कधीही नाही’ असा ठेवावा.
• फाइलच्या नावात वेगळेपण दाखवणारा शब्द सर्वांत आधी लिहावा: ‘सबा_सबैन_जमाखर्च’.
• रोज न लागणाऱ्या प्रोग्रॅमचे पिन केलेले आयकॉन काढावेत; ती जागा उघड्या कागदांची आहे.

२६/ आणि दोन मोठे उपाय.
• कामागणिक दालने करावीत. विंडोज १० पासून विंडोज, कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबल्या की नवा डेस्कटॉप मिळतो; डी ऐवजी डावा-उजवा बाण दाबून दालन बदलता येते. माझे एक दालन कागदवाचनाचे आहे, दुसरे लेखनाचे.
• प्रणाली परवानगी देत असेल तर पट्टी बाजूला उभी ठेवावी. आजचे पडदे रुंद आहेत. १०८० पिक्सेल उंचीत एकेका बटणाला ३६ पिक्सेल दिले तरी तीस नावे एकाखाली एक मावतात, आणि प्रत्येक नाव वाचता येते. केडीईमध्ये हे सहज जमते.

२७/ शेवटी मूळ वादाकडे येऊ. उघड्या गोष्टींची यादी प्रोग्रॅमच्या नावाने ठेवायची की कागदाच्या? प्रोग्रॅम हे यंत्राचे एकक आहे. कागद हे माणसाच्या कामाचे. ज्याचे काम एकाच प्रकारच्या अनेक कागदांशी आहे, मग तो अभ्यासक असो, हिशेबनीस असो वा संपादक, त्याला ‘प्रतिमादर्शक चालू आहे’ ही माहिती निरुपयोगी आहे. कोणती प्रतिमा, हे त्याला हवे असते.

२८/ जुन्या दफ्तरखान्यात कागद रुमालांत बांधून ठेवतात. रुमाल सारे एकसारखे, फडताळे एकसारखी. आत काय आहे हे सांगते ती बाहेरची चिठ्ठी. ती काढून टाकली तर दफ्तरखाना अधिक नीटनेटका दिसेल आणि त्यातला एकही कागद वेळेवर सापडणार नाही. माझा तक्ता आता दुरुस्त झाला आहे. त्यावर उभा असलेला दीड पानांचा निष्कर्ष मात्र काढून टाकावा लागला. आज पडद्याच्या डाव्या कडेला तेवीस नावे एकाखाली एक उभी आहेत. वरून सातवे नाव ‘सीत_सबैन’, आठवे ‘सबा_सबैन’.

धागा समाप्त. तुमच्या पडद्यावर या क्षणी किती खिडक्या उघड्या आहेत आणि त्यांपैकी किती तुम्हाला नावाने दिसत आहेत, हे मोजून अवश्य कळवा.